तूर निघाली की खुबा

"आता नाही, तूर निघाली की पाहू." अकोल्यात किंवा अमरावतीत हाडांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलं, तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडतं. जूनमध्ये पेरणी असते, मग निंदण-डवरण. मध्येच महालक्ष्म्या येतात. त्या जेवून गेल्या की पितृपक्ष, आणि पितृपक्षात अंगाला सुरी कोण लावून घेणार? दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाचा वेचा, पुढे तूर, मागोमाग हरभरा. तूर घरात येते तेव्हा लग्नसराई दारात उभी असते. लग्नं उरकली की ऊन तापतं आणि "एवढ्या उन्हात टाके पिकतात" असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. तोवर पुन्हा मृग येतो. अशी दोन-तीन वर्षं जातात. दरम्यान पाय आखूड होतो, मांडी सुकते, कंबर वाकते आणि चांगला पाय दुप्पट ओझं वाहून थकतो.

ही टाळाटाळ अडाणीपणाची आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. ज्या घरात कमावते हात दोनच आहेत, त्या घराला ऑपरेशनच्या दोन तासांच्या आधी पुढचे दोन-तीन महिने दिसतात, आणि त्या महिन्यांचा हिशेब त्याला कोणी मांडून दिलेला नसतो. दवाखान्यात मिळालीच तर एक माहितीपुस्तिका मिळते. तिच्यातला रुग्ण बहुधा परदेशातून आलेला असतो: पासष्टीचा, निवृत्त, घरात सोफा, कमोड, शॉवर. आपल्याकडचा रुग्ण चाळिशीतला असू शकतो. तो जमिनीवर जेवतो, त्याची बायको उकिडवी बसून निंदते, आणि गाडी म्हणजे त्यांच्या घरी मोटारसायकल. हा आढावा त्यांना समोर ठेवून घेतला आहे.

आधी दुखतं कुठे ते पाहू. खुबा दाखवा म्हटलं तर दहातले आठ जण कमरेवर हात ठेवतात. खुब्याचा सांधा त्याच्या बराच खाली आणि आत असतो, आणि तो दुखतो तेव्हा कळ जांघेत येते, मांडीच्या पुढच्या बाजूने उतरते, कधी कधी थेट गुडघ्यात जाऊन बसते. त्यामुळे गुडघ्याचे फोटो निघतात, गुडघ्यात इंजेक्शनं जातात, "नस दबली" म्हणून कमरेला पट्टा लागतो आणि वर्ष निघून जातं. खुब्याची खरी खूण रोजच्या हालचालींत सापडते. मोटारसायकलवर टांग टाकता येत नाही. पायाच्या बोटांची नखं काढायला दुसऱ्याला सांगावं लागतं. मांडी घालायला बसलं की एक गुडघा हवेतच राहतो. हे तिन्ही होत असेल तर गुडघ्याचा नाद सोडून दोन्ही खुब्यांचा एकत्र एक्स-रे मागावा. तयारीची ही पहिली पायरी, आणि ती चुकली की पुढचं सगळं उशिरा होतं.

खुब्याकडे दुर्लक्ष व्हायला आणखी एक कारण आहे. गुडघ्याला या देशात चेहरा मिळाला. ऑक्टोबर २००० मध्ये आणि मग जून २००१ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावतांनी बदलले, आणि गावोगावच्या आजोबांना कळलं की गुडघा बदलता येतो. खुब्याच्या वाट्याला असा रुग्ण आला नाही. वास्तविक खुबा गुडघ्याचा थोरला भाऊ. इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि चिवट प्लास्टिकची वाटी अशी जोडी बसवली. त्याआधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरून ते सपशेल फसले होते, त्या झिजून निकामी झाल्या होत्या. आज जगभर बसणाऱ्या खुब्यांचं मूळ त्या दुसऱ्या प्रयत्नात आहे. २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शस्त्रक्रियेला शतकाची शस्त्रक्रिया म्हटलं. गुडघा बदललेली माणसं कुरकुरताना भेटतात, खुबा बदललेली फारशी भेटत नाहीत. तरी भीती खुब्याचीच जास्त.

आता आपला रुग्ण वेगळा का, हा या आढाव्यातला कळीचा भाग. पश्चिमेकडे बहुतांश खुबे वयाच्या झिजेने बदलले जातात. भारतात जमिनीवर बसण्या-उठण्याने गुडघे झिजतात, खुब्याची तशी झीज त्या मानाने कमी. आपल्याकडे खुबा बहुतेकदा मरतो. हा शब्द मी नाट्यासाठी वापरत नाही. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. त्या तुंबल्या की आतलं हाड मरतं, काही महिन्यांनी वरचा गोळा खचतो, आणि मऊ चेंडू दाबावा तसा चपटा होतो. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. दारू हे एक कारण, स्टिरॉइड हे दुसरं, जुनी दुखापत हे तिसरं. आणि विदर्भात चौथं: सिकलसेल.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. खुब्याचं डोकं हे त्यांचं आवडतं ठिकाण. विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे इथे बाकावर वाट पाहणारा रुग्ण कधी कधी पंचवीस वर्षांचा असतो, आणि त्याच्या शेजारी आधाराला त्याची आई बसलेली असते. नेहमीचं चित्र उलटं झालेलं. जुलै २०२३ मध्ये केंद्राने मध्यप्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कार्यक्रम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. पण या मोहिमांची भाषा रक्ततपासणी आणि लग्नाआधीच्या सल्ल्याची आहे. जांघेत कळ येणाऱ्या सिकलसेलच्या मुलाचा खुबा वेळेवर तपासा, हे त्या भाषेत ठळक यायला हवं. कारण हाड खचण्याआधी एमआरआयमध्ये आजार दिसतो, तेव्हा साधा एक्स-रे स्वच्छ असू शकतो, आणि त्या टप्प्यावर हाडात छिद्र पाडून दाब कमी करण्यासारखे उपाय करून मूळ खुबा काही काळ वाचवता येतो. धारणीहून घाट उतरून अमरावतीपर्यंत यायला अख्खा दिवस जातो. तिथल्या माणसाला "पुढच्या महिन्यात एमआरआयला या" हे सांगणं सोपं, येणं अवघड.

स्टिरॉइडचीही वऱ्हाडात ताजी आठवण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात जिथे आधी उसळली त्यांत अमरावती आणि अकोला होते. बावीस फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाले तेव्हा मुंबई-पुण्यात तसा बंद अजून नव्हता. स्टिरॉइडने तेव्हा जीव वाचवले, त्याबद्दल दुमत नाही. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी करोनानंतर खुबा मेलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ज्यांनी त्या काळात भरपूर स्टिरॉइड घेतलं आणि ज्यांची जांघ नंतर कधी दुखू लागली, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. तसंच बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांचं. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीत अनेकदा स्टिरॉइडच असतं. वर्षभर खाल्लेली पुडी डॉक्टरांपासून लपवली तर भूल देताना आणि जखम भरताना ती आपली हजेरी लावते.

न्हाणीत पाय घसरून खुबा मोडलेल्या आजीला मात्र यातली कुठलीच सवड नसते. तिची तयारी तासांत करायची. हाडवैद्याकडे बांधून महिनाभर झोपवून ठेवणं म्हणजे फुप्फुसात कफ, पाठीला जखमा आणि पायात रक्ताच्या गुठळ्या यांना आमंत्रण. मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं असं जगभर सांगतात. अशा वेळी कधी पूर्ण, कधी अर्धाच सांधा बदलतात, आणि तो निर्णय आजीचं वय आणि मोडण्याआधी ती किती हिंडत-फिरत होती यावर ठरतो.

ज्यांना सवड आहे त्यांनी डॉक्टरांना काय विचारावं? माझं मत असं की कंपनीच्या नावात फार गुंतू नये, पण आत काय बसणार आहे ते समजून मात्र घ्यावं. गोळा धातूचा की सिरॅमिकचा, वाटी कशाची, सांधा सिमेंटने चिकटवणार की हाड त्यात आपोआप रुजू देणार, आणि आपल्या वयाला हेच का. कंपनीचं नाव मोठं असलं म्हणजे झालं, हा समज २०१० च्या ऑगस्टमध्ये मोडला. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने एएसआर नावाचे धातूवर धातू घासणारे खुबे जगभरातून परत घेतले. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते, भोवतालचे स्नायू खराब होत होते. भारतात हे खुबे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पाठपुरावा केला. केंद्राने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती २०१७ मध्ये, आणि भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं. या प्रकरणातून रुग्णाने उचलायची गोष्ट छोटी आहे. सांध्याच्या खोक्यावर मॉडेल आणि क्रमांक छापलेले स्टिकर असतात. ते आपल्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यायचे आणि कार्ड शेतीच्या सातबाऱ्याजवळ ठेवायचं. दहा वर्षांनी कंपनीने काही परत मागवलं, तर आपल्या मांडीत काय आहे हे तो कागद सांगतो.

किती वर्षं टिकेल, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या नोंदवह्यांवरून २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हिशेब आला: साधारण ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकतात. सत्तरीच्या माणसाला हे उत्तर पुरेसं आहे. तिशीतल्याने मात्र आयुष्यात आणखी एकदा ऑपरेशन होऊ शकतं हे धरूनच होकार द्यावा.

पैशांचं बोलू. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. त्या आदेशात खुबा नव्हता. म्हणून खर्चाचा कागद मागताना सांध्याची किंमत वेगळी लिहून घ्यावी, नुसता "पॅकेज"चा आकडा घेऊ नये. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत अमरावती होता. अकोल्याला २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०२३ च्या निर्णयाने तिचं संरक्षण पाच लाखांपर्यंत गेलं आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट गळाली. योजनेतल्या रुग्णालयाच्या दारात आरोग्यमित्र बसतो. त्याला तीन प्रश्न थेट विचारावेत: माझ्या निदानाला इथे मंजुरी मिळते का, कुठला सांधा बसेल, आणि मंजुरीला किती दिवस लागतात. शेजाऱ्याच्या मेव्हण्याने सांगितलेल्या माहितीवर भरती होऊ नये. माझ्या ओळखीतल्या एकाने तसं केलं आणि नावाचं एक अक्षर आधारकार्डावर वेगळं निघाल्याने तो चार दिवस वॉर्डात नुसता बसून घरी आला. खासगी दवाखान्यांखेरीज अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीचं इर्विन आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावतीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. याशिवाय सेवाग्राम, सावंगी, नागपूर या वाटा जुन्या आहेत. लांब जायचं तर एक गोष्ट मोजावी: टाके, पहिला एक्स-रे, दुसरी तपासणी असे किमान तीन फेरे होतात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे हे खरं, पण एसटीची पहिली पायरी नव्या खुब्याला अजिबात अर्धी होत नाही.

शरीराच्या तयारीत सगळ्यात आधी खर्रा. सुपारी-तंबाखू घोटून प्लास्टिकमध्ये मळलेली ही पुडी विदर्भाची खास मिळकत. तंबाखू कोणत्याही रूपात असो, जखमेकडे जाणारं रक्त आखडतं आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. महिनाभर आधी सोडायला सांगतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पुडी फेकणारे बरेच भेटतात; त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. दुसरी गोष्ट पायाच्या भेगा. चिखलात राबलेल्या टाचेची भेग, बोटांतली कुजलेली खाच, किडलेली दाढ, लघवीची जळजळ: यांतल्या कुठूनही जंतू रक्तात शिरून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतो, आणि धातूवर बसलेला जंतू औषधांनी सहज हटत नाही. म्हणून दात आधी, खुबा नंतर. साखर आटोक्यात हवी. बायकांचं हिमोग्लोबिन बघावंच, कारण आठ-नऊवर वर्षानुवर्षं शेतात काम करणाऱ्या बायका आपण निरोगी आहोत असं समजतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं, मनाने नाही. सिकलसेल असेल तर भूलतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगायचं. शरीर सुकणं, थंडी आणि प्राणवायूची कमतरता या तिन्हींनी पेशी वाकतात. अशा रुग्णाला शिरेतून पाणी, गरम पांघरूण, काही वेळा आधी रक्त, असा वेगळा बंदोबस्त लागतो.

व्यायामाचं काय सांगावं! १९१४ पासून अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, तिथल्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली, आणि याच गावातल्या रुग्णाला पलंगावर पडून घोटा वर-खाली करायला सांगितलं तर तो म्हणतो, "याले काय व्यायाम म्हणता?" यालाच म्हणतात. मांडी ताणून पाच मोजायचं, घोटे हलवायचे, आणि दंडाला बळ आणायचं. कारण वॉकरवर पहिले पंधरा दिवस माणूस हातांवर चालतो. वॉकर आधीच आणून घरात चालून पाहावा. ऑपरेशननंतर भूल उतरलेल्या डोक्याने नवं यंत्र शिकायला जाऊ नये.

आता घर. तयारीचा अर्धा भार इथे आहे आणि पुस्तिका इथेच मुकी होते.

पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत, विशेषतः मागच्या बाजूने चीर दिलेल्या खुब्याला, मांडी पोटाकडे काटकोनापलीकडे वाकवायची नसते, पायावर पाय टाकायचा नसतो आणि पंजा आत वळवायचा नसतो. नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. हा नियम वऱ्हाडातल्या घरात आणून ठेवा. बाज खाली झोळणारी, म्हणून बाद. दिवाण बुटका, म्हणून चार विटांवर चढवलेला. प्लास्टिकची खुर्ची हलकी, हातांवर जोर देताच सरकणारी. संडास भारतीय, आणि जुन्या घरांत तोही अंगणाच्या टोकाला. मध्ये ओसरीचा उंबरठा, दोन पायऱ्या, आणि पावसाळ्यात शेवाळ. दोरी घेऊन एकदा मोजावं: रुग्ण उभा असताना गुडघ्याच्या मागची खाच जमिनीपासून किती उंच आहे. पलंग, खुर्ची, संडासाची खुर्ची, सगळं त्या दोरीपेक्षा थोडं उंच हवं. बैठकीला भोक असलेली लोखंडी खुर्ची भारतीय संडासावर ठेवता येते. गावातला वेल्डिंगवालाही ती बनवून देतो, फक्त पायांना रबर बसवायला विसरतो. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, त्यात नवी खुर्ची. पहिल्या चार दिवसांत माणूस खुब्यापेक्षा याच गोष्टीने जास्त रडकुंडीला येतो. डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन येणाऱ्या मावशीला हे प्रेमाने सांगावं.

सतरंज्या गुंडाळून माळ्यावर. पायपुसणी बंद. कूलरची वायर आणि पाण्याची नळी वाटेत नको. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं तर कूलरच्या खाली साचलेलं थारोळं हा घरातला सगळ्यात मोठा शत्रू. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे ड्रम भरायचं काम कोणाकडे हे आधी ठरावं. मी हे लिहितोय कारण अनेक घरांत ते काम रुग्णबाईचंच असतं आणि पाचव्या आठवड्यात नळ आला की ती कोणाला न सांगता बादली उचलते. स्वयंपाकाचा ओटा उभा असेल तर ठीक. चूल किंवा शेगडी जमिनीवर असेल तर टेबल लागेल. झाडू लांब दांड्याचा. रात्री लघवीला जाण्याच्या वाटेवर दिवा. मोबाइल गळ्यात अडकवलेला, म्हणजे तो पडला तर वाकायला नको. देवघर खाली असेल तर देव काही दिवस स्टुलावर. त्याला कोणाची हरकत आल्याचं मी पाहिलं नाही.

कोण थांबणार, हा प्रश्न मात्र स्टुलावर चढवून सुटत नाही. "सून आहे ना" असं उत्तर चटकन येतं. त्या उत्तरात दोन माणसं गप्प असतात. सून शाळेत किंवा शेतात कामाला जाते, आणि सासूला तिच्या हातून धुवून घ्यायची लाज वाटते. "सुनेनं धुवावं, हे मले नाही जमत बाप्पा," असं एका बाईंनी मला सांगितलं. त्यांनी दोन वर्षं ऑपरेशन लांबवलं ते दुखण्याच्या किंवा पैशांच्या भीतीने नव्हे, या एका कारणाने, आणि ते त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांसाठी रोजाने बाई ठेवली आणि प्रश्न मिटला. पुरुषांची गोष्ट वेगळी असते. त्यांना बायकोने करावं याचा संकोच नसतो, बायको आजारी पडली की आपण करावं हे सुचत नाही. माहेरून बहीण येते. हे बदलताना मी क्वचित पाहिलं आहे.

मनाच्या तयारीबद्दल बोलताना लोक "पॉझिटिव्ह राहा" म्हणतात. हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. भीती ठरावीक असते आणि तिला ठरावीक उत्तर लागतं. कमरेतल्या इंजेक्शनने पाठ जन्मभर दुखते, ही बाळंतपणातून आलेली समजूत. पाठ दुखते हे खरं, पण ती त्या सुईमुळे नव्हे. आपण जागे असू आणि हातोड्याचा आवाज येईल का? येऊ शकतो. कमरेखाली बधिर करून केलेल्या ऑपरेशनमध्ये सुतारकाम चालल्यासारखा ठोका ऐकू येतो, झोपेचं औषध मागता येतं, आणि हे आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही. म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर कधी कधी दोन-तीन रात्री भ्रम होतो, मेलेली माणसं दिसतात, सलाइन उपटली जाते. घरच्यांना हे आधी माहीत नसेल तर ते "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून रडत बसतात. ओळखीचा आवाज, चष्मा, कानाचं यंत्र आणि दिवसाचा उजेड याने बराच फरक पडतो. तिशीतल्या जोडप्याला शरीरसंबंधांचं विचारायचं असतं आणि विचारता येत नाही. डॉक्टरांनी न विचारता सांगावं, सहा-आठ आठवडे थांबा आणि मांडी फार वाकणार नाही असं पाहा. काढलेल्या हाडाचं काय होतं, हेही हळूच विचारतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते पिवळ्या पिशवीतून जाळायला जातं. काही जणांना ते ऐकून बरं वाटतं.

आणि तिसरा आठवडा. पहिल्या आठवड्यात कौतुक असतं, भेटायला येणाऱ्यांची रीघ असते, सफरचंदं आणि शहाळी असतात. (यांतला खोकणारा पाहुणा ओसरीवरूनच परत पाठवावा, राग आला तरी.) तिसऱ्या आठवड्यात कोणी येत नाही. दुखणं कमी झालेलं असतं, काम करू देत नाहीत, झोप लागत नाही, एकाच कुशीवर पायांमध्ये उशी घेऊन पडावं लागतं. पाय लांब झाल्यासारखा वाटतो. वर्षानुवर्षं आखूड असलेला पाय सरळ झाला की तसं वाटतं, बहुतेकांचं ते हळूहळू जातं. या दिवसांत माणूस "उगाच केलं" म्हणतो. हा टप्पा येणार आहे हे आधी सांगून ठेवलं की तो म्हणतो, "आला बरं का तुमचा तिसरा आठवडा."

एक दुःख मात्र खरं आहे आणि त्याची समजूत काढू नये. जमीन सुटते. काही सर्जन काही महिन्यांनी मांडी घालायला परवानगी देतात, काही नाही, आणि उकिडवं बसून निंदायला बहुतेक जण नकोच म्हणतात. पंगतीत सगळे खाली आणि आपण मागे भिंतीला खुर्चीवर. कीर्तनात खुर्ची, मयतीला गेलं तरी खुर्ची. शेगावच्या पालखीमागे दरवर्षी दोन मुक्काम चालणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं की चालता येईल का. चालता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मुक्कामाला जमिनीवर झोपून पहाटे उठता येणार नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग घडीची खाट मुलाच्या मोटारसायकलवर पुढे पाठवायचं ठरलं.

घरी आणायच्या दिवसाची धास्ती पूर्वी फार असायची, कारण अमरावती-अकोला रस्ता म्हणजे खुब्याची परीक्षाच. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचं सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजचा विक्रम झाला, तेव्हा बातम्या कंत्राटदारांच्या आल्या. पुढच्या सीटवर मागे रेलून, बुडाखाली जाड उशी घेऊन आणि दर तासाला उतरून चार पावलं टाकत घरी परतणाऱ्यांना त्या रस्त्याची किंमत जास्त कळते. महामार्ग सोडून गावाचा फाटा लागला की ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगावं.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी सुरुवातीला साफ नकार दिला होता. "माह्या मायचा जीव असाच गेला, मले काहून कापून रायले तुम्ही?" पुढे मागच्या तुरीनंतर त्यांनी करून घेतलं. परवा ओट्यावर उंच खुर्चीत बसून त्यांनी मला विचारलं, आपण गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडताना मांडीत बसवलेली ती धातूची दांडी तशीच निघते म्हणतात, खरं का? मी म्हटलं, हो, चितेच्या आगीत ती वितळत नाही. ते थोडा वेळ विचार करत बसले, आणि मग आत बघून ओरडले, "पोट्ट्या, ते भंगारवाल्याले देऊ नको. सातबाऱ्याजवळ कागद हाय, त्यावर किंमत पाय आधी."